बंदुकीची लाथ

न्सुआनो गावात कुणी वडीलधारं माणूस गेलं की बार काढायचा पहिला मान बोआदूचा. हा मान त्याला मामाकडून आला होता, मामाला त्याच्या मामाकडून. बंदूकही तीच. ठासणीची, लांब नळीची, दस्त्याला तडा गेला तिथे पितळेची पट्टी मारलेली. बोआदूची बायको दुफिए चारचौघींत म्हणायची, "ही सवत माझ्याआधी या घरात आली. आजही माझ्यापेक्षा जास्त तेल हिच्याच अंगाला लागतं." बायका हसत. बोआदू गालातल्या गालात हसे आणि नळी पुसत राही.

दुफिएचा स्वतःचा धंदा होता. गावाला लागून असलेल्या सरोवरातून येणारे मासे ती मातीच्या भट्ट्यांवर जाळ्या टाकून धुरवायची आणि कुमासी शहराच्या बाजारात पाठवायची. धुराने तिचे डोळे कायम लालसर असत. जीभ डोळ्यांहून तिखट. तिच्याशी वाद घालायला गावातले पुरुष जरा विचार करूनच जात.

म्हातारे ओपोंग वारले, त्यांचे दिवस त्या शनिवारी होते. काळ्या आणि तांबड्या कापडांनी पटांगण भरून गेलं, ढोल घुमायला लागले. बार काढायला दोघंच होते, बोआदू आणि अदार्क्वा. अदार्क्वा पस्तिशीचा, इथल्या कोनादूशी लग्न करून गावात राहायला आलेला. त्याची तऱ्हा वेगळी. ढोलाच्या ठेक्यावर तो गिरकी घ्यायचा, एका हाताने बंदूक लांब धरायचा आणि गिरकी संपता संपता चाप ओढायचा. पोरी किंचाळायच्या, म्हातारे माना हलवायचे. बोआदूला हे नाचकाम पसंत नव्हतं. तो शिकारी माणूस. पाय रोवून उभा राहायचा, बंदूक डाव्या खांद्याला लावायचा आणि नळी डोंगरउताराकडे करून बार काढायचा. डाव्या खांद्याला, कारण लहानपणी ताडाचा काटा लागून त्याचा उजवा डोळा अधू झाला होता.

मयताच्या बाराला नळीत नुसती दारू घालतात आणि वर चिंधीचा बोळा ठासतात. शिसं नाही, छर्रे नाहीत. मोठा आवाज होतो, ढगासारखा धूर उठतो, गेलेल्याला कळतं की आपल्याला निरोप द्यायला माणसं जमली आहेत. एवढ्याचसाठी तो बार.

शेवटच्या खेपेला दोघांनी एकदमच चाप ओढले. पटांगण हादरलं. धूर विरायच्या आत उताराच्या पायवाटेवरून माणसाची आरोळी आली.

मानू होता तो. भाड्याने आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत डोक्यावर घेऊन, दोन्ही हातांनी ती सावरत, उशिरा उशिरा खाली येत होता. खुर्च्या गडगडत उतारावर पसरल्या आणि मानू वाटेतच बसला, उजवा पंजा पोटाशी धरून. बोटांमधून रक्ताच्या धारा लागल्या होत्या. कुणीतरी एक खुर्ची उचलली. तिच्या पाठीला वाटाण्याएवढी भोकं पडली होती.

"छर्रे!" खुर्ची उचलणारा ओरडला. "अरे, बंदुकीत छर्रे होते!"

मग कुणी काही विचारलंच नाही. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या, अदार्क्वाकडे. महिन्यापूर्वी सरोवरात सापळे लावायच्या जागेवरून त्याची आणि मानूची कडाक्याची जुंपली होती. तेव्हा भर काठावर सगळ्यांसमक्ष अदार्क्वा बोलून गेला होता, "एक दिवस तुझा हात मोडून तुझ्याच गळ्यात बांधीन." रागाच्या भरात माणूस काय काय बोलतो. पण आता मानूचा हात खरंच फुटला होता.

"नुसती दारू होती माझ्या नळीत!" अदार्क्वा ओरडत होता. "सरोवराची शपथ! बोआदूकाका, तुम्ही तरी सांगा! तुमच्यासमोर भरली ना मी?"

बोआदू काही बोलला नाही. बंदुकीवर हात ठेवून तो तसाच उभा होता. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय.

मानूला जीपमध्ये घालून कुमासीच्या इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. दोन्ही बंदुका त्यांनी हुंगल्या, नळ्यांत काडी फिरवून पाहिली. दोन्ही सारख्याच काळ्या, दोन्हींना सारखाच जळका वास. बंदुका घेऊन जाताना ते गावच्या नानांना, म्हणजे गावप्रमुखांना, म्हणाले, "मंगळवारी तुमची बैठक होऊ द्या. गाव काय म्हणतं ते कळवा, मग पुढचं आम्ही बघतो."

गाव काय म्हणणार, ते त्याच दिवशी दिसायला लागलं. कोनादू मासे घेऊन काठावर बसली, तर तिच्या टोपलीपाशी कुणी थांबेना. ज्या बायका रोज तिच्याकडून मासळी घ्यायच्या, त्या नजर चुकवून पुढे जायच्या. दुफिएसुद्धा गेली. त्या दिवशी घरी मासळी भरपूर आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

पण दुफिएला शनिवारपासून काहीतरी खुपत होतं. शेवटचा बार सुटला तेव्हा ती बोआदूकडेच बघत होती. नेहमीच बघायची. कबूल केलं नसतं, पण पाय रोवून उभा राहिलेला नवरा तिला या वयातही बघावासा वाटायचा. आणि त्या बाराला बोआदूचा पाय मागे सरकला होता. त्याचं अख्खं अंग डावीकडून वळलं होतं, कुणीतरी ढकलल्यासारखं. इतक्या वर्षांत मयताच्या बाराला तिने त्याला जागचा हललेला पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी बोआदूने आंघोळीला गरम पाणी मागितलं. एरवी तो गार पाण्याने करायचा. दुफिए बादली घेऊन न्हाणीच्या कुडापाशी गेली आणि न खाकरताच आत डोकावली.

डाव्या खांद्यापासून छातीपर्यंत कातडी काळीनिळी पडली होती. मधोमध दस्त्याच्या टोकाचा आकार उमटला होता, ओल्या मातीत पाऊल उमटावं तसा.

बोआदूने झटकन कापड ओढलं.

"काय झालं ते?" तिने विचारलं.

"पडलो."

"कुठं?"

"घसरलो गं. उतारावर. सगळे मानूकडे धावले तेव्हा."

दुफिएने बादली खाली ठेवली. "शेआच्या बियांचं लोणी आणते, चोळून देते."

"नको."

एवढंच बोलणं झालं. ती भट्टीत लाकडं सारायला गेली. असा डाग तिने आधी पाहिला होता. लग्नाच्या वर्षी बोआदूने मोठ्या हरणासाठी नळीत दारू आणि शिसं दोन्ही सढळ हाताने भरलं होतं, आणि नंतर आठवडाभर त्याला डावा हात वर करता येत नव्हता. ती रोज चोळून द्यायची. मयताच्या बाराने असा डाग कधीच पडला नव्हता.

आणि मग तिला बुधवार आठवला.

बुधवारी संध्याकाळी तिच्या जाळ्यांवरचे मासे उदमांजराने पळवले होते. लागोपाठ दुसऱ्यांदा. ती नवऱ्यावर कडाडली होती, "ती बंदूक काय फक्त मेलेल्यांसाठीच आहे का? इथं जित्यांच्या तोंडचा घास चाललाय!" बोआदूने निमूटपणे दारू भरली, छर्रे घातले आणि अंधार पडेपर्यंत भट्ट्यांच्या आडोशाला बसून राहिला. उदमांजर काही फिरकलं नाही. त्याने बंदूक तशीच नेऊन खुंटीला टांगली. शनिवारी सकाळी घाई होती, माणसं बोलवायला आली होती. अंगणातून त्याने हाक मारली होती, "अगं, ही रिकामीच आहे ना?" आणि आरशासमोर डोक्याला काळं फडकं बांधता बांधता तिने उत्तर दिलं होतं, "बंदूक तुमची. मला काय विचारता?"

नळीत गज घालून बघायचं राहिलं. जुन्या बारावर शनिवारी पहिल्यांदा भरताना—

पण पहिले बार तर नीट निघाले होते. ती विचार करत राहिली. मग लक्षात आलं. पहिले बार त्याने मानाची म्हणून नानांच्या घरच्या बंदुकीने काढले होते. ती जुनाट बंदूक शेवटी फुसकी निघाली, केप उडाली पण बार पेटला नाही, म्हणून ऐन वेळी त्याने आपली हातात घेतली होती. घाईघाईत वरून दारू ओतून बोळा ठासताना सगळ्यांनी पाहिलं होतं. तिनेसुद्धा.

ती कुणाला काही बोलली नाही. बोआदूलाही नाही. एकाच घरात दोघं त्या गोष्टीच्या कडेकडेने वावरत होती, पावसात वळचणीखालून चालावं तसं.

त्यांची मुलगी पोमा दिवसांसाठी आली होती. ती बेक्वाईला शाळेत विज्ञान शिकवायची. सोमवारी दुपारी मायलेकी अंगणात फुफूसाठी उकडलेले कंद कांडत होत्या. पोमा मुसळ मारायची, दुफिए उखळातला गोळा हाताने उलटायची. बोआदू भिंतीला टेकून बसला होता, या उन्हातही अंगावर कापड घट्ट लपेटून.

"आई, मला एक कळत नाही," पोमा म्हणाली. "गावात कुणाला इतकं साधं कसं सुचत नाही? अदार्क्वाच्या बंदुकीत छर्रे असूच शकत नाहीत."

दुफिएचा हात उखळातच थांबला. मुसळ वरच्या वर राहिलं. "हात काढ की, आई! चेचला असता."

"तू बोल."

"अगं, आपण पदुआवर बसून जाळं फेकतो, तेव्हा काय होतं?" त्या सरोवरात जुन्या रिवाजाने नावा चालत नाहीत. लाकडाच्या जाड फळीवर, पदुआवर, बसायचं आणि हातांनीच पाणी मारत जायचं. पोमा त्यावरच लहानाची मोठी झाली होती. "जाळं पुढं जातं आणि पदुआ मागं सरकते. ओलं, जड जाळं जोरात फेकलं तर जास्त मागं. नुसती दोरी फेकली तर जागची हलतसुद्धा नाही. बंदुकीचं तेच. ती जेवढा रेटा पुढं देते, तेवढाच तिला मागं बसतो. एक कणभर कमी नाही, एक कणभर जास्त नाही. छर्रे हलके, म्हणून ते वाऱ्यासारखे सुटतात. बंदूक जड, म्हणून ती हळू मागं येते. पण देणंघेणं दोघांचं सारखंच."

"मग?"

"मग मयताच्या बारात पुढं जातं काय? धूर आणि चिंधी. त्यांना वजन ते किती! म्हणून बंदूक जराशी उसळते आणि गप्प बसते. म्हणून तर अदार्क्वाला एका हाताने धरून नाचता येतं. शनिवारी मी समोरच उभी होते. बार झाला, त्याची गिरकी पुरी झाली, बंदूक त्याच्या हातात होती तशीच. नळीत मूठभर शिसं असतं ना, आई, तर ती बंदूक त्याच्या हातातून उडून मागच्या ढोलवाल्याच्या थोबाडावर बसली असती! नाहीतर याचं मनगट तरी मुरगळलं असतं. उद्या बैठकीत मी हेच सांगणार आहे. ज्याच्या बंदुकीतून छर्रे सुटले, त्याच्या अंगावर त्याची खूण असणारच. अदार्क्वाच्या नाही, म्हणजे छर्रे आले ते—"

ती थांबली.

शेवटच्या बाराला बंदुका दोनच होत्या.

मुसळ तिने हळूच उखळात टेकवलं. बापाकडे बघितलं, मग आईकडे. आईने नजर उखळात ठेवली होती. बोआदू भिंतीला हात लावून उठला आणि सरोवराच्या वाटेला लागला.

"आई," पोमा अगदी हळू म्हणाली, "मला माहीत नव्हतं गं. मी उद्या काही बोलणार नाही."

"तुला जे बोलायचं ते तुझं तू ठरव," दुफिए म्हणाली. "आधी मला त्यांच्याशी बोलू दे. हे कांडून पुरं कर."

बोआदू पाण्याच्या कडेला उलथ्या टाकलेल्या पदुआवर बसला होता. दुपारची वेळ, पाणी तेलासारखं शांत. चारही बाजूंना डोंगरांची कडा. दुफिए त्याच्या शेजारी बसली.

"तुम्हाला केव्हा कळलं?" तिने विचारलं.

"चाप ओढला तेव्हाच," बोआदू म्हणाला. "मानू ओरडायच्या आधी. खांद्याला दणका बसला आणि मनात आलं, अरे देवा, हिच्या पोटात काहीतरी होतं. मग ती आरोळी आली." त्याने डाव्या हाताची मूठ उघडली, मिटली. "घट्ट धरलेलीच नव्हती गं. रिकाम्या बाराला कोण घट्ट धरतं? शिकारीत दस्ता खांद्यात असा रुतवतो, की बंदूक आणि मी एकच होतो. मग ती मला ढकलते, पण मारत नाही. शनिवारी सैल धरली होती. एकटी आली आणि आदळली."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"गप्प बसलो."

"अदार्क्वा तुमच्याकडं बघून विचारत होता. काका म्हणून."

"माहीत आहे मला!" तो एकदम चिडला. मग आवाज खाली आला. "तेव्हा तोंडातून शब्दच फुटला नाही. मग लोक त्याला बोलायला लागले. आधी वाटलं, थोड्या वेळाने सांगू. मग वाटलं, मानूचं कसं आहे ते कळू दे, मग सांगू. मग पोलीस आले. दर वेळी सांगणं आणखी अवघड झालं. दुफिए, हा मान माझ्या मामाचा आहे. इतक्या पिढ्यांत आमच्या हातून चिमणीलासुद्धा चुकून लागलं नाही. आणि माझ्या हातून… उदमांजराचे छर्रे! लोक हसतील. मान गेला तर गेला, पण हसतील गं."

दुफिएला रडू येईल असं वाटलं होतं, पण तिला राग आला. आधी त्याचा, मग स्वतःचा.

"हसू देत," ती म्हणाली. "मी कोनादूच्या टोपलीपाशी थांबले नाही. मला माहीत असून. तुम्ही जसे गप्प बसलात, तशी मीही बसले. भरा म्हणून मीच ओरडले होते. रिकामी आहे का विचारलंत, तेव्हा मीच तोंड वाकडं केलं. त्यामुळं आता एकट्याने पाण्याकडं बघत बसू नका. तुम्हाला वाटतं ही लाथ तुमच्या एकट्याच्या खांद्याला बसलीये?"

बोआदूने तिच्याकडे बघितलं. चांगला डोळा ओला झाला होता.

"उद्या सदरा घालून जाईन म्हणत होतो," तो म्हणाला.

"कळलं होतं मला. धुतलेला सदरा तुम्हीच दोरीवर टाकलात तेव्हाच कळलं. आयुष्यात स्वतःचा सदरा कधी धुतला नाहीत."

नानांसमोर जायचं तर पुरुषाने खांद्यावरचं कापड खाली सोडायचं, दोन्ही खांदे उघडे करायचे, हा रिवाज. सदरा घालणाऱ्या नोकरदारांनाच काय ती सूट.

मंगळवारी बैठक भरली. नाना मोठ्या छत्रीखाली बसले होते, शेजारी त्यांच्या वतीने बोलणारा ओक्यामे काठी घेऊन उभा. मानू इस्पितळातून आला होता, हाताला भलंमोठं पांढरं बांधलेलं. अदार्क्वा एका बाजूला, त्याच्या मागे कोनादू. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. दुफिए आली, तिने ते पाहिलं, आणि सरळ जाऊन कोनादूच्या शेजारी बसली. कोनादूने वळूनही बघितलं नाही.

ओक्यामेने काठी जमिनीवर आपटली. "अदार्क्वा, नाना विचारतात, सरोवराची शपथ घ्यायला तयार आहेस का? नीट विचार कर. खोटी शपथ घेणाऱ्याला पाणी परत काठाला लावत नाही."

"तयार आहे," अदार्क्वा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "पण शपथ घेतल्यावर तरी विश्वास ठेवाल का?"

"थांबा," बोआदू म्हणाला.

तो कापडातच आला होता. गर्दीतून वाट काढत छत्रीसमोर गेला, वाकला, आणि डाव्या खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत खाली सोडलं. डाग आता आणखी भीषण दिसत होता, कडांना पिवळट हिरवा.

नानांनी ओक्यामेची वाट न बघता स्वतःच विचारलं, "बोआदू, हे काय?"

"ही माझ्या बंदुकीची लाथ, नाना. नुसती दारू एवढी लाथ मारत नाही. मानूला लागलं ते माझ्या नळीतून गेलं. उदमांजरासाठी भरून ठेवली होती, विसरलो. गज घालून बघितलं नाही. आणि शनिवारपासून गप्प बसलो, ते विसरून नाही. ते समजून उमजून."

कुजबुज उठली. मानूचा मामा उभा राहिला. "नाना, हा मोठेपणा करतोय! भोळा आहे बोआदू. त्या अदार्क्वाला वाचवायला बघतोय. पडला असेल कुठंतरी."

तेव्हा पंचांतले एक म्हातारे उठले, ओपानिन ग्यामेरा. तरुणपणी मोठे शिकारी. त्यांनी जवळ येऊन डागावरून बोट फिरवलं, अगदी हलक्या हाताने. मग आपलं कापड सारून स्वतःचा उजवा खांदा दाखवला. तिथलं हाड जरासं वाकडं होतं. "मला रानडुकराच्या वेळी बसली होती," ते म्हणाले. "दगडावर पडून असा आकार उमटत नाही, बाबा. हा दस्ता आहे. बसा खाली."

पोमा मागे उभी होती. तिला बरंच बोलायचं होतं, पण आता कुणालाच त्याची गरज उरली नव्हती.

दुफिए उठली. "नाना, बंदूक भरायला मी लावली. रिकामी आहे का, हे मला विचारलं तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. आणि रविवारी हा डाग मी पाहिला. तरी त्याच दिवशी कोनादूच्या टोपलीसमोरून मान फिरवून गेले. हे सुद्धा बैठकीच्या कानावर असावं."

कुणी हसलं नाही. बोआदूला ज्याची भीती होती ते झालंच नाही, आणि ते न झाल्याने त्याला बरं वाटलं असंही नाही.

नानांनी निकाल दिला. बार काढायचा मान बोआदूच्या घराण्याकडे राहील, पण त्याच्याकडे नाही; तो भाच्याकडे जाईल, भाचा योग्य होईल तेव्हा. सरोवराला मेंढा द्यायचा. मानूचा हात बरा होईस्तोवर त्याचे सापळे बोआदूने लावायचे आणि काढायचे. मग नाना अदार्क्वाकडे वळले. ते म्हणाले, "अदार्क्वा, गावाने तुझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्याबद्दल गाव तुझी माफी मागतं." ओक्यामेने जमिनीवर मद्याची धार धरली. अदार्क्वाने फक्त मान खाली घातली.

पुढे मानूचा हात बरा झाला, करंगळी आणि शेजारचं बोट मात्र वळायचं राहिलं. तोवर बोआदू रोज पहाटे त्याचे सापळे काढायला जायचा. मानू काठावर उभा राहून शिव्या घालायचा. "अहो काका, तो सापळा आहे, तुमची सासू नाही! इतक्या लांबून काय हात लावताय!" बोआदू ऐकून घ्यायचा. कधीतरी त्या शिव्यांमधला दात गेला, नुसती सवय उरली. एका सकाळी दुफिएने बघितलं, दोघंही काठावर बसून एकाच पानातले मासे खात होते आणि मानू जखमी हाताने काटे काढायचा सराव करत होता. पोलिसांनी बोआदूला समज दिली. बंदूक परत आणायला तो गेलाच नाही.

अदार्क्वा मात्र राहिला नाही. पिकाच्या दिवसांनंतर एके सकाळी त्याचं सामान लॉरीवर चढलं. सरोवराच्या पलीकडल्या गावात कोनादूची मावशी होती, तिथे निघाले होते. दुफिए धुरवलेल्या माशांची एक गाठोडी घेऊन लॉरीपाशी गेली.

"कोनादू, आता सगळं निवळलंय गं," ती म्हणाली. "मानूसुद्धा बोलतो की अदार्क्वाशी. कशाला जाता?"

कोनादू गाद्यांवर दोर आवळत होती. थांबली. "मावशी, काकांनी खरं सांगितलं ते मोठं काम केलं. मी कधी वाईट बोलणार नाही त्यांच्याबद्दल, तुमच्याबद्दलही नाही. पण मधले ते दिवस मी टोपली घेऊन काठावर बसले होते. मी या गावची लेक आहे. लहानपणापासून ज्यांना आत्या, मावशी म्हणाले, त्या एकेक करून समोरून गेल्या. खरं काय ते अजून कुणालाच माहीत नव्हतं, तरी गेल्या. ते मला दिसलं ना, मावशी. आता दिसलं नाही असं कसं करू?"

दुफिएने गाठोडी पुढे केली. कोनादूने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, गाठोडी घेतली आणि गाद्यांच्या फटीत, सांडणार नाही अशी, नीट बसवून ठेवली. मग वर चढून नवऱ्याशेजारी बसली. लॉरी घाटाच्या चढाला लागली. दुफिए धूळ खाली बसेपर्यंत रस्त्यातच उभी होती. मग भट्ट्या पेटवायची वेळ झाली म्हणून घराकडे वळली.